आडव्या दांड्याखालचा माणूस

खोक्यात एकेचाळीस वस्तू आहेत. सव्वीस फोटो, वर्तमानपत्रांची नऊ कात्रणं, चार वह्या, एक शिट्टी आणि डाव्या पायाचा एक बूट. सगळं खोलीतल्या गालिच्यावर मांडून मी दोनदा मोजलंय. रविवारची दुपार आहे. सकाळच्या सरावानं मांड्या भरून आल्यात. मी आडवी होते आणि तिसऱ्यांदा मोजते. बेचाळीस भरतात.

खोकं आमच्या क्लबचं आहे, हॉलोफिल्ड गेल्सचं. रस्ते खणायला आणि छपरं घालायला आयर्लंडहून इंग्लंडात आलेल्या तेरा मजुरांनी १९५१ साली आपल्या गावाकडच्या फुटबॉलसाठी तो काढला. चेंडू हातात घेऊन पळायचं, पायानं मारायचा. आडव्या दांड्याच्या वरून गेला तर गुण, खालून गेला तर गोल. मी तासगावची. इथे भौतिकशास्त्र शिकायला आले, मुलींच्या संघात एक जण कमी होती म्हणून खेळायला लागले. मोजमापात काटेकोर म्हणून क्लबचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं. शेवटची फाइल उद्या सकाळी मीच छापखान्यात पाठवणार आहे.

"गोलाचं पान आहे तसंच राहू दे," अध्यक्ष फिंटन डेव्हनी जेवणाआधी फोनवर म्हणाले. "अठ्ठावन्नच्या फायनलचा गोल माझ्या काकांचा, पीटर डेव्हनीचा. वहीत लिहिलंय, पेपरात छापलंय. तो गोल माझा म्हणणारा कोलमन गप्पिष्ट होता गं. एका गोलाचा एवढा काय बाऊ?"

"बाऊ नाही, तर अडुसष्ट वर्षं त्या गोलाचा फोटो क्लबच्या भिंतीवर कशाला टांगलाय?"

त्यांनी फोन ठेवला. माझी कानशिलं अजून तापलेली आहेत. डोळे मिटतात, राग मिटत नाही.

"बेचाळिसावी माझी आहे," कोणीतरी म्हणतं. "पेन्सिल. दे इकडे."

बुटाशेजारी कोलमन मॉरली उकिडवा बसलाय. नव्वदीतही मैदानावर फक्कीच्या रेघा तोच मारायचा. फेब्रुवारीत गेला, शवपेटी उचलायला मीही होते. आता त्याचे केस काळे आणि ओले आहेत, पाठ ताठ आहे.

"आजोबा, तुम्ही?"

"आजोबा कोणाला म्हणतेस, मास्तरीणबाई? चोवीसचा आहे मी. लग्न व्हायचंय माझं."

तो मराठीत बोलतोय, आमच्या तासगावच्या हेलात, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही.

सुताराची चपटी पेन्सिल तो कानावर खोचतो. ओल्या लोकरीचा वास येतो. चौदा जण बाकांवर बसून बूट बांधतायत, पंधरावी जागा रिकामी आहे. कोणीतरी जर्सी फेकतं. "आज तू पीटर डेव्हनी, कळलं?" जर्सी कोलमनच्या जवळजवळ गुडघ्यापर्यंत येते. तो मुकाट्यानं बाह्या दुमडतो.

"स्वतःच्या नावानं का नाही?" मी विचारते.

"बंदी. सहा महिने." त्याचा आवाज चढतो. "आपल्या माणसानं इंग्रजांचा फुटबॉल खेळायचा नाही, बघायचाही नाही, असा नियम. पाळत ठेवायलाही आपलीच माणसं. त्यांना मी इंग्रजांच्या स्टेडियमात दिसलो. अगं, छपरावर होतो मी! पत्रे ठोकत होतो! मुकादमानं शनिवारी बोलावलं. खाली सामना सुरू झाला, तर डोळे काढून खिशात ठेवू?"

"समितीला सांगितलंत?"

"सांगितलं. म्हणाले, पाठ करून ठोकायचे."

मला हसू येतं. मग येत नाही.

"आणि पीटर बापाच्या मयताला गावी गेला, पंधरावा मिळेना, तेव्हा हेच लोक माझ्या दारात. कोलमन राजा, चल. तुझ्यावाचून अडलंय."

दार उघडतं. बाहेर तासगावातलं आमच्या शाळेचं कबड्डीचं मैदान आहे, मधल्या रेषेवर ताजी फक्की. टोकाला मात्र ते उंच खांब आहेत, इंग्रजी एच अक्षरासारखे. कडेला माझा मामा बसलाय. तो एकदा दुसऱ्या मंडळाकडून दुसऱ्याच्या नावानं खेळला आणि जिंकलेली ढाल घरी आणू शकला नाही. तो टाळ्या वाजवत नाही, नुसता बघतो.

कोलमन वाकून पळतो. तिघांना चुकवतो. चेंडू आडव्या दांड्याखालून आत जातो. कोलमन खांबाला पाठ लावून ताठ उभा राहतो आणि कॅमेऱ्याचा आवाज होतो.

हा फोटो मला पाठ आहे. दांडा आठ फुटांवर, म्हणजे दोनशे चव्वेचाळीस सेंटिमीटर. त्या हिशेबानं खालचा माणूस एकशे त्रेसष्ट, फार तर दोन सेंटिमीटर कमी-जास्त. पीटर डेव्हनी सहा फूट एक इंच होता, त्याच्या कामाच्या कार्डावर लिहिलंय. हे दाखवलं तर फिंटन म्हणाले, फोटोत माणूस लहान दिसतो. आणि कोलमनची उंची कुठे लिहिलीय, सांग? कुठेच नाही. मी त्याला पाहिलं तेव्हा तो कमरेत वाकलेला होता.

"तू मला विचारलंस, पुरावा काय," कोलमन म्हणतो. आम्ही बोटीच्या कठड्याशी उभे आहोत. खाली पाणी नाही, गालिचा आहे. "क्लबात, सगळ्यांसमोर. सगळे हसले. तूही हसलीस."

"हो."

"दुसऱ्या दिवशी रेघ वाकडी पडली माझी. इतक्या वर्षांत पहिल्यांदा."

"चुकलं माझं. विचारायला नको होतं."

"विचारण्यात काय चुकलं? बरोबर विचारलंस. उत्तराला थांबली नाहीस." तो पेन्सिल माझ्या हातात देतो. "आता थांब."

त्याच्या पाठीमागचा खांब माझ्या खोलीच्या दाराची चौकट झालाय.

"बूट काढू?"

"काढा. मोजेही. टाचा टेकवा."

"टेकवल्या."

"मान सरळ. समोर बघा."

"समोर भिंत आहे."

"भिंत बघायला बंदी नाही."

तो खदखदून हसतो.

"हसू नका, उंची बदलते."

तो श्वास धरून उभा राहतो. एवढ्या ताठ उभ्या असलेल्या माणसाला लोक गप्पिष्ट म्हणत आले, आणि त्यांच्यात मीही होते. पेन्सिल मी त्याच्या डोक्यावर आडवी टेकवते. ओल्या केसांचं पाणी माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत उतरतं. मी रेघ ओढते.

"झालं?"

"झालं."

"मग नाव लाव," तो म्हणतो. "माझं."

साडेचार वाजलेत. खोली थंड पडलीय, खिडकीतला उजेड करडा झालाय. गालिच्यावर एकेचाळीस वस्तू आहेत. पेन्सिल नाही. दाराची चौकट घरमालकिणीनं मागच्याच महिन्यात पांढरी रंगवली. तिच्यावर शिसपेन्सिलीची एक आडवी रेघ आहे.

मी आधी तिकडे जात नाही. लॅपटॉप उघडते. फोटोखालचं पीटर डेव्हनीचं नाव काढते आणि कोलमन मॉरली लिहिते. यासाठी मला ती रेघ लागत नव्हती. तो पीटर नव्हता हे सांगायला फोटो पुरेसा होता, कोलमननं स्वतः सांगितलेलं पुरेसं होतं. आणि तरी मी त्याच्याकडे, एका वाकलेल्या म्हाताऱ्याकडे, सगळ्यांसमोर पुरावा मागितला. फिंटनना दोन ओळी पाठवते: पान बदललंय. सकाळी आठला छापखान्यात जाईल.

फोन वाजतो. वाजू देते.

मग टेप घेऊन चौकटीशी बसते. जमिनीपासून रेघेच्या मध्यापर्यंत तीनदा मोजते. १६३.३. १६३.५. १६३.४.

सरासरी १६३.४ सेंटिमीटर.