मावशी, मास्तर आणि सतरा इंजेक्शनं

माझी मावशी बावीस वर्षं लोकांना गाडी शिकवतेय. तिच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही ब्रेक आहे, पण खरा ब्रेक तिचा आवाज. "अहो, आरसा भांग पाडायला नाही!" म्हणाली की भलेभले सरळ येतात.

एकदा सीटबेल्ट लावताना तिच्या हाताला छातीत गाठ लागली. दुखत नव्हती, म्हणून महिनाभर कानाडोळा केला. शेवटी माझ्या आईने तिला जवळजवळ ओढतच डॉक्टरीणबाईंकडे नेलं. गाठीचा तुकडा तपासल्यावर कळलं, स्तनाचा कॅन्सर, दुसरी स्टेज. काखेतल्या एका गाठीपर्यंत पोचलेला, पुढे कुठे नाही.

"म्हणजे उशीर झाला का?" मावशीचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला.

"नाही. यातही जाती असतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काहींची गाठ हार्मोनवर पोसते, त्यांना वर्षानुवर्षं गोळी लागते. तुमच्या गाठीत हर-टू नावाचं प्रथिन जास्त आहे. ही जात भराभर वाढते, पण नेमकं तिच्यावरचं इंजेक्शन आहे. आधी ते आणि केमो देऊ, मग ऑपरेशन. इंजेक्शन मात्र वर्षभर, दर तीन आठवड्यांनी."

तिचे एक विद्यार्थी होते, गणिताचे निवृत्त मास्तर. लायसन्सच्या परीक्षेत तीनदा नापास. ते म्हणाले, "बाई, इंजेक्शनांना मी नेत जाईन तुम्हाला."

"तुम्ही? मग कॅन्सरला घाबरायला वेळच मिळणार नाही!"

पण गेली, आपल्याच शिकवायच्या गाडीतून. जाताना ती मास्तरांच्या शेजारी. येताना मागे आडवी, आणि तिच्या जागी, शेजारच्या ब्रेकवर माझा पाय. केस गेले, तोंड आलं, पाणीसुद्धा धातूसारखं लागायचं. एकदा परतताना भर चौकात गाडी बंद पडली. मागून हॉर्नचा कल्लोळ, मास्तर घामाघूम. रुमाल बांधलेलं डोकं मागून वर आलं. "घाई त्यांना आहे, तुम्हाला नाही. क्लच दाबा." गाडी निघाली. मी मागे पाहिलं तर मावशी हसत होती.

चौथ्या खेपेला मास्तर पास झाले. पुढच्याच आठवड्यात ऑपरेशन झालं. काढलेल्या भागात कॅन्सरची एकही जिवंत पेशी सापडली नाही. आई रडली, मावशीने चहा मागवला.

सतराव्या, शेवटच्या इंजेक्शनला मास्तरांनी स्वतःची गाडी आणली आणि हॉस्पिटलच्या आवारात दोन गाड्यांच्या जागेत तिरकी लावली. मावशी उतरली, नव्याने आलेल्या कुरळ्या केसांतून हात फिरवला आणि म्हणाली, "काढा बाहेर. पुन्हा लावा. मी थांबते."