माझ्या मायचं कडं, बक्षीस कसलं?

हे आत्ताच सांगायचंय. उद्यावर टाकलं तर घरचे मला गप्प बसवतील. टायपिंग क्लासच्या मशीनवर बसलेय, मास्तर जेवायला गेलेत. अक्षरं चुकतील, चुकू द्या. बोटाला रक्त लागलंय. माझं नाही.

आज सकाळी, इथं जळगावात, कापसाच्या जीनच्या आवारात, मुनीमाने काठीच्या टोकाने माझ्या मायचं लुगडं वर केलं. पार पोटरीपर्यंत. हमाल बघत होते. गाडीवान बघत होते. विमा कंपनीचा साहेब तेवढा हातातल्या कागदात बघत होता. माय मान खाली घालून उभी. दोन्ही हात फडक्यात गुंडाळलेले.

थांबा, आधीचं सांगते.

माय जीनमध्ये रेच्यावर, म्हणजे सरकी काढायच्या मशीनवर, कापूस टाकते. तिथं फाटकावरच बायकांनी अंगावरचं सगळं उतरवायचं. धातू मशीनमध्ये अडकतो, ठिणगी पडते, म्हणून. चिंधीत बांधायचं आणि पहारेकऱ्याच्या खोलीतल्या लोखंडी पेटीत टाकायचं. मायच्या पायात लग्नातली चांदीची कडी. सकाळी साबण लावून काढायची, सुटी झाली की घालायची. मग मागच्या आठवड्यात जीन पेटलं. सरकी पेटली, गठाणी पेटल्या, ती खोलीही गेली. मायने आतून दोन पोरींना ओढून काढलं. हात तिथंच भाजले.

जीनवाल्या शेठच्या मालाचा विमा होता, म्हणून धुळ्याहून साहेब आला. त्याने राख चाळून घेतली. पेटी सापडली! साहेब म्हणाला, आतलं ज्याचं त्याला परत द्यायचं, आमच्याकडे तशीच पद्धत आहे. मला इतकं बरं वाटलं की मी धावत घरी जाऊन मायला घेऊन आले. मीच आणलं तिला.

सतरंजीवर सगळं मांडलेलं. जोडवी, पैंजण, तंबाखूची डबी, चांदी वितळून झालेला गोळा. आणि कडी. काळी पडलेली, पण अख्खी.

"हाई मनं शे, भाऊ," माय म्हणाली. हे माझं आहे म्हणून.

साहेब म्हणाला, दोन प्रतिष्ठित माणसांनी ओळख पटवायला हवी. मायच्या शेजारी रेच्यावर बसणारी यमुनाअक्का पुढे झाली, तिच्यामागून अजून दोघी. मुनीम हसला. म्हणाला, "साहेब, ह्या प्रतिष्ठित? उद्या आमची गाढवं पण सही करतील. यांच्या वस्तीत चांदी कुठून आली ते विचारा आधी." मग म्हणाला, हिची असतील तर पायावर खूण असेल, बघूनच घेऊ. आणि काठी घातली लुगड्याखाली.

खूण होती. घोट्याभोवती गोल घट्टा, कातडी घासून पांढरी झालेली. सगळ्यांनी पाहिलं. मागून एक जण शीळ घालत होता.

साहेब म्हणाला, झालं, पटली ओळख, देऊन टाका.

मुनीम कसला देतो. ज्याला धनी नाही ते भंगारात जातं आणि भंगार शेठने कंपनीकडून विकत घेतलंय. सतरंजीवर धनी जितके कमी, तितकं शेठचं जास्त, आणि बक्षीस म्हणून घेतलं की मायही धनी राहत नाही. मुनीमाने कडी स्वतःच उचलली, फाटकाच्या ओट्यावर चढला आणि मायला खाली पायरीशी बसायला सांगितलं.

"शेठचं बक्षीस म्हण आणि पदर पसर. वरून टाकतो."

मी साहेबाकडे पाहिलं. तो हळूच मला म्हणाला, "घे ना पोरी. वस्तू मिळाल्याशी काम."

माय बसली. भाजलेल्या बोटांनी पदर धरता येईना. सुटायचा, परत धरायची, परत सुटायचा. शेवटी तिने पदराचं टोक दातात धरलं. माझी माय. जनावरासारखा दातात पदर धरून वर बघत बसलेली. मुनीमाने काठी तिच्या हाताच्या फडक्यावर मारली. नीट पसर म्हणे. माय ओरडली, पण दात नाही सोडले.

मी ओट्यावर कधी चढले मला आठवत नाही. त्या ओट्यावर आमच्यातलं कोणी चढत नाही. एक कडं मी हिसकावलं आणि त्याच कड्याने मुनीमाच्या तोंडावर मारलं. ओठ फाटला. परत मारलं. काहीतरी तुटल्याचा आवाज आला, दात असेल. त्याने माझे केस धरले, पहारेकऱ्याने पाठीत लाथ घातली, मी पायरीवर आपटले. माय खालून पदर दातात धरूनच म्हणत होती, "नको व पोरी, नको." मी तिच्या तोंडातून पदर ओढून काढला.

"बक्षीस नाही," मी म्हणाले. "मायचं आहे."

दुसरं कडं गडगडत गेलं. पहारेकऱ्याने त्यावर पाय ठेवला. साहेब कागद गोळा करत होता.

एक कडं आता मायच्या पायात आहे. यमुनाअक्काने घातलं. माय रडते आणि मलाच शिव्या देते, काम गेलं, आता खायचं काय म्हणते. खरं आहे तिचं. मुनीम पोलिसात गेलाय म्हणे. जाऊ दे.

उद्या सकाळी मी दुसरं कडं आणायला जाणार. यमुनाअक्का येते म्हणाली, आणखी दोघी तयार आहेत, त्यांचीही चांदी त्या सतरंजीवर आहे. पायरीशी कोणी बसणार नाही. पदर कोणी पसरणार नाही. सरळ ओट्यावर चढायचं आणि आपलं ते उचलायचं. काठी आली तर काठी धरायची.

मास्तरांच्या चपला वाजल्या. एवढंच विचारते. तुमचीच वस्तू तुम्हाला कोणी वरून टाकली का? तुमच्या मायला कोणी असं बसवलं का? आणि तेव्हा तुम्ही कुठं बघत होता?