बारा तारा आणि दोघी जावा

अनुजा लग्न होऊन गडमुडशिंगीत आली, तेव्हा तिच्या रुखवतात शेवयांच्या परातीशेजारी एक गिटार मांडलेली होती. तिचे वडील जयसिंगपूरच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे आणि लेकीला त्यांनी लहानपणापासूनच शिकवलं होतं. सासरच्या बायकांनी गिटारीला हळदकुंकू लावलं खरं, पण आता ही ठेवायची कुठं, म्हणून सगळ्या एकमेकींकडं बघू लागल्या. तेव्हा थोरली जाऊ राजनंदिनी पुढं झाली. तिनं गिटार उचलून आपल्या खोलीतल्या कपाटावर ठेवली आणि म्हणाली, "हितं म्हशीचं शेपूट न्हाय पोचायचं."

राजनंदिनीला सगळेच आक्का म्हणायचे. ती धार काढताना गायची. एका सकाळी अनुजा गोठ्याच्या दारात पोत्यावर बसली आणि तिनं त्या गाण्याला साथ धरली. आक्कानं मान वळवली नाही, पण गाणंही थांबवलं नाही. तिथून दोघींचं गाणं-वाजवणं सुरू झालं. आधी घरातलं बारसं, मग भावकीतली डोहाळजेवणं, पुढं गावोगावच्या हळदी. अनुजाचा नवरा धैर्यशील दूध संघातली नोकरी सांभाळून स्पीकर लावायला यायचा. सासरे आण्णा पहिल्या रांगेत बसायचे आणि शेजारच्याला, त्यानं विचारलं नसलं तरी, "सुना हायत आमच्या" असं सांगायचे.

गेल्या दिवाळीनंतर आक्काच्या थायरॉईडचं ऑपरेशन झालं. ते व्यवस्थित पार पडलं. डॉक्टरांनी गायला हरकत नाही म्हणून सांगितलं, फक्त गळ्याला ताण द्यायचा नाही. आवाज परत आला, पण थोडा खालचा, थोडा जाडसर होऊन आला. वरच्या सुरात गेला की फाटायचा. आक्का गोठ्यात गुणगुणायची, पण चारचौघांत गायची वेळ आली की काहीतरी काम काढायची.

त्याच दिवसांत अनुजाच्या हाती एक जुनी बारा तारांची इलेक्ट्रिक गिटार आली. तिच्या वडिलांचे बेळगावचे एक मित्र वाजवणं सोडून लेकीकडं राहायला निघाले होते, त्यांनी ती अनुजाला देऊन टाकली. तिच्यावर एकही तार धड नव्हती. अनुजा ती घेऊन शाहूपुरीत केतनकडं गेली. केतन तिच्या माहेरचाच, जयसिंगपूरचा जैन पोरगा. गिटारी दुरुस्त करण्यात त्याचं नाव झालं होतं. त्यानं वायरी बदलल्या, गंज काढला आणि नव्या तारा चढवल्या.

बारा तारांच्या गिटारीत तारा जोडीजोडीनं असतात, सहा जोड्या. खालच्या दोन जोड्यांत दोन्ही तारा सारख्याच. वरच्या चार जोड्यांत मात्र एक तार जाड आणि एक बारीक. सूर तोच, पण बारीक तार एक सप्तक वर बोलते. केतननं नेहमीच्या रिवाजाप्रमाणं प्रत्येक जोडीत बारीक तार वर लावली. म्हणजे हात वरून खाली आला की आधी बारीक तार वाजणार आणि लगेच तिच्यामागून जाड.

घरी आल्यावर अनुजानं हात फिरवला आणि ओसरीभर घुंगरं सांडल्यासारखं झालं. आण्णा चहाचा कप हातात धरून तसेच थांबले. आक्कासुद्धा पदर खोचून शेजारी येऊन बसली आणि तिनं गाणं धरलं. पहिल्याच ओळीत आवाज वर ओढला गेला आणि फाटला. पुन्हा धरलं, पुन्हा तेच. अनुजानं पट्टी उतरवून बघितली, तरी गळा वरच पळायचा. शेवटी आक्का उठली.

"गिटार लई भारी हाय," ती म्हणाली. "मलाच आता न्हाय जमत. तू वाजव, मी ऐकतो."

आपल्या नव्या गिटारीनं आक्काला गप्प केलं, हे अनुजाला लागलं. तिनं गिटार कपाटावर ठेवून दिली आणि आठवडाभर काढलीच नाही.

मग एका दुपारी तिला राहवलं नाही. आक्का मेथी निवडत बसली होती. अनुजा तारा जुळवता जुळवता हात सहज खालून वर नेत होती, आणि आक्का आपल्या नादात गुणगुणू लागली. सा बरोबर लागला होता, खाली, निवांत. अनुजानं हात वरून खाली मारला, तसं गुणगुणणं चढलं आणि खरवडलं. खालून वर मारला, पुन्हा गळा आपल्या जागी. अनुजाच्या ध्यानात आलं. हात खालून वर गेला की आधी जाड तार वाजते. आक्का जो सूर आधी कानावर पडेल तो धरत होती.

"आक्का, तुमच्या गळ्याला कायबी झालं न्हाय," ती म्हणाली. "माज्या तारा उलट्या हायत."

दुसऱ्या दिवशी दोघी मोपेडवरून शाहूपुरीत गेल्या. केतननं ऐकून घेतलं. काही गिटारींत जाड तार आधी असते, ही गोष्ट त्याला ठाऊक होती. पण नुसत्या तारांची अदलाबदल करून भागत नाही, बारीक तारेच्या खाचेत जाड तार बसत नाही, म्हणून वरची खाचांची पट्टी नवीन करावी लागणार होती. इतर लोक हाडाची पट्टी वापरतात. केतनच्या घरी ते चालत नाही, त्यामुळं तो पितळेची घासतो. त्यानं चारही जोड्या उलट्या केल्या.

आक्का दुकानातच गायली. किती महिन्यांनी तिचा आवाज असा मोकळा लागला होता. अनुजाचे डोळे भरून आले. पण गाणं संपल्यावर आक्का गिटारीकडं बघत राहिली.

"माजं झालं," ती म्हणाली. "पर तुजी गेली की गं घुंगरं. असलं मला न्हाय चालायचं."

अनुजानं पुष्कळ समजावलं, आक्का ऐकेना. मग दोघी दुकानातल्या स्टुलांवर समोरासमोर बसल्या. अनुजा एकेक जोडी वेगळी छेडायची, कधी जाड तार आधी, कधी बारीक, आणि आक्का त्यावर सा धरायची. वरून पहिल्या तीन जोड्यांत तिला काहीच फरक पडला नाही. चौथीला मात्र बारीक तार आधी वाजली की गळा वर पळालाच. ती अख्ख्या गिटारीतली सगळ्यांत बारीक तार होती, आणि आक्काचा सा, पेटीवरची पांढरी पाच, नेमका त्याच जोडीत होता.

अनुजा केतनला म्हणाली, फक्त चौथी जोडी उलटी ठेव, बाकी तीन परत नेहमीसारख्या कर.

"असं कोण लावत न्हाय," केतन म्हणाला.

"आमी लावतो की," आक्का म्हणाली.

केतन हसला आणि त्यानं पितळेचा दुसरा तुकडा घासायला घेतला. पट्टी बसेपर्यंत दोघींनी समोरच्या गाड्यावर मिसळ खाल्ली. परत येऊन अनुजानं हात फिरवला. घुंगरं जागेवर होती, आणि त्यांच्या मधोमध आक्काचा सा तिची वाट बघत असल्यासारखा स्पष्ट उभा होता. आक्कानं तिथंच दोन गाणी म्हटली. केतन कानस हातात घेऊन ऐकत राहिला.

कसबा बावड्याला एक हळद होती, तिथं त्या पहिल्यांदा ही गिटार घेऊन गेल्या. मांडवात बसल्यावर आक्कानं अनुजाच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि वाजव म्हणून खुणावलं. हळद लावणाऱ्या बायकांचे हात हळूहळू मंदावले. नवरीची आजी चिमणाबाई हिनं आक्काची गाणी पूर्वी ऐकली होती. ती उठून जवळ आली आणि म्हणाली, "आदी तुजं गाणं नुस्तं ग्वाड लागायचं. आता काय म्हणतीस ते काळजाला कळतंय." आक्का वाकून तिच्या पाया पडली आणि तिनं पुढचं गाणं धरलं. आण्णा त्या दिवशी कुणाला काहीच सांगायला गेले नाहीत. ते टोपी मांडीवर काढून ठेवून ऐकत बसले होते.

जेवणं आटोपून दोघी दुपार कलल्यावर मोपेडवरून निघाल्या. मागच्या सीटवर आक्का, पाठीला गिटार, आणि गाणं अजून थांबलेलं नव्हतं. सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्यानं इंजिन बंद केलं आणि मान बाहेर काढली. अनुजा आरशात आक्काकडं बघत राहिली.

"सुटला की सिग्नल," आक्का कडवं मधेच तोडून म्हणाली. "बघतीस काय? धारंला उशीर होतोय."