आतोबांचा समुद्राकाठचा मुक्काम

माणसानं निर्धास्त पाठ टेकावी अशी एकही जागा देवानं या पृथ्वीवर केलेली नाही, असं आमच्या आतोबांचं ठाम मत होतं. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. राहात्याजवळ त्यांचा ऊस, मोसंबीची बाग, दारात जीप; पण जीव कायम टांगणीला. लग्नाला गेले की पंगतीत बसण्याआधी मांडवाचे खांब हलवून बघत. आमच्याकडे केडगावला मुक्कामाला आले की त्यांची खाट आधी माजघरात पडे, मग तुळईला चीर दिसली म्हणून पडवीत येई, पडवीत विंचवाची शंका येई, आणि सकाळी पाहावं तर आतोबा जीपमध्ये पाय मुडपून झोपलेले. आत्या याला कधी हसली नाही की चिडली नाही. तिनं जन्मात एकच गोष्ट मागितली होती, समुद्र बघायचा. तोही उभ्या उभ्या नव्हे, एक रात्र त्याच्याजवळ राहून.

दुष्काळ पडला त्याच्या आदल्या दिवाळीत ते जमलं. जीप मी चालवत होतो. अलिबागला पोचलो तर सुट्टीसाठी आलेल्या मुंबई-पुण्याच्या माणसांनी धर्मशाळेपासून घरगुती खोल्यांपर्यंत सगळं भरून गेलेलं. आतोबांनी ती काळजी घरीच करून ठेवली होती. नगरला लष्कराच्या लिलावात घेतलेला तंबू जीपमध्ये होता. जागा तेवढी शोधायची होती.

ती काही केल्या सापडेना. वाळूवर भरती येईल, माडाखाली नारळ डोक्यात पडेल, सुरूच्या बनात पालापाचोळा म्हणजे तिथं जनावर असणारच. एका कोळ्याला त्यांनी पाणी कुठवर येतं ते विचारलं. त्यानं वाळलेल्या शेवाळाची रेघ दाखवली आणि तिच्या वर खुशाल झोपा म्हणाला. आतोबा परत येऊन मला हळूच म्हणाले, "ह्यो रोजचं सांगतोय. आजचं त्याला काय ठावं?" मग पुन्हा जीप पुढे. दर थांब्याला ते उतरत, टाचेनं जमीन दाबून बघत आणि मान हलवत परत येत. आत्या मांडीवर बोचकं घेऊन मागे बसून होती. समुद्र तिला माडांच्या फटींतून दिसत होता, तेवढाच. ऊन उतरू लागलं तशी मलाच धास्ती वाटायला लागली, की हे हिला पाण्याला पायसुद्धा न लावता माघारी नेणार.

शेवटी रस्त्याच्या अलीकडचं एक मुरमाड टेकाड त्यांना पसंत पडलं. तिथून समुद्र दिसत नव्हता, त्याची गाजही येत नव्हती. आम्ही खुंट्या ठोकल्या, तंबू उभा केला, आणि आतोबांनी आत्याला हाक मारली. ओ आली नाही. जीपमध्ये नुसतं बोचकं होतं.

आतोबा पळाले. रस्ता ओलांडून, सुरूच्या त्याच पाल्यातून, सरळ पाण्यात. गुडघाभर लाटेत धोतर भिजवत ते "कौसल्या, कौसल्या" करून ओरडत होते. एरवी ती 'अगं' नाही तर 'ही' असायची. त्यांच्या तोंडून आत्याचं नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. ती होड्यांच्या पलीकडे, घोटाभर पाण्यात, लुगडं सावरून शांत उभी होती. लाटांच्या आवाजात तिला काहीच ऐकू गेलं नव्हतं. आतोबांनी तिचं मनगट धरलं.

"तुमी जागा बघत हुता," ती म्हणाली, "म्हनलं तवर मी समुद्र बघते."

आता हे तिला ओढत नेणार, असं मला वाटलं. समोरून एक मोठी लाट आली, दोघांच्या पायांवरून गेली, तरी आतोबा जागचे हलले नाहीत. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "तंबू खाली इकडं आन. हिला हितनं दिसतंय."

शेवाळाच्या रेघेच्या जरा वर तंबू लागला. त्याचं दार समुद्राकडे त्यांनीच करून घेतलं.

आत्या गेल्यावर मी राहात्याला गेलो होतो. दोघंच ओट्यावर बसलो होतो, आणि मी काही विचारलं नसताना आतोबा म्हणाले, "त्या दिशी पान्याचं भ्या न्हाई वाटलं मला. ही दिसंना, त्याचं वाटलं."