नखाला लागणारी नक्षी

"हे गेले," शालिनीवहिनी फोनवर एवढेच म्हणाल्या. मागे किटलीची शीळ वाजत होती. ती बंद करायला त्या गेल्या आणि परत आल्याच नाहीत. सिडनीतल्या कॅसल हिलच्या माझ्या स्वयंपाकघरात फोन कानाशी धरून मी ती शीळ विरताना ऐकत राहिले...

दिगूदादा माझा मावसभाऊ. उमेदीची वर्षे त्याने जावा बेटावरच्या एका सूतगिरणीत अभियंता म्हणून काढली आणि सिडनीला येताना एक विद्या बरोबर आणली. ती होती क्रिस पारखण्याची. क्रिस म्हणजे तिकडे मंगलकार्यात कमरेला मागे खोचतात तो खंजीर. पिढ्यान्‌पिढ्या जपलेला, घरातल्या वडीलधाऱ्याचा मान मिळणारा. टूनगॅबीच्या घरातले गॅरेज त्याने याच कामाला दिले होते. आत शिरताच चंदनतेलाचा मऊ वास यायचा आणि त्याखाली लिंबाच्या रसाची आंबट धार. रविवारी लोक रेशमात गुंडाळलेली पाती घेऊन येत. दादा पाते दिव्याखाली धरून नख फिरवी आणि सांगे, की खरी नक्षी पात्याच्या अंगातच असते. लोहार निरनिराळे धातू एकमेकांवर ठोकतो, दुमडतो, पुन्हा ठोकतो, त्यातून ती उमटते. घासली तर फिकी पडेल, पण नखाला लागत राहील. खोटी मात्र आम्लाने वरवर कोरलेली असते, ती घासली की गेली.

तो मोबदला घेत नसे आणि दयाही करत नसे. एकदा एक जावानीज गृहस्थ वडिलांची क्रिस घेऊन आले. ती राजवाड्यातून आली आहे, असे वडिलांनी शेवटच्या अंथरुणावर सांगितले होते म्हणे. दादाने क्षणभर पाहिले आणि म्हणाला, "तुमच्या वडिलांना कुणीतरी फसवलं, नाहीतर त्यांनी तुम्हाला." त्या गृहस्थांनी पाते दोन्ही हातांनी कपाळाला लावले, म्यानात सरकवले आणि चहाला हातही न लावता ते निघून गेले. मी काही बोलणार तोच दादा म्हणाला, की गोड बोलायला मिठाईवाले आहेत.

पण त्याचे सर्वांत आवडते सावज घरातच होते. जावातल्या त्याच्या गुरूंनी निरोपाच्या वेळी त्याला एक सरळ पात्याची क्रिस दिली होती. तीच त्याच्या नजरेची सनद, असे तो प्रत्येकाला सांगे. इथे आल्यावर पहिल्याच दसऱ्याला वहिनींनी शस्त्रपूजेसाठी ती काढली आणि देवाची तांब्या-पितळेची भांडी घासावीत तशी चिंच लावून लख्ख घासली. काळी नक्षी गेली, पाते पांढरेफटक झाले. त्यावर त्यांनी हळदकुंकू वाहिले, झेंडूचे फूल ठेवले. तेव्हापासून प्रत्येक पाहुण्याला चहाबरोबर ही गोष्ट मिळे. "आमच्या हिने गुरूंचा आशीर्वाद चिंचेने धुऊन काढला." पाहुणे हसत. वहिनी बिस्किटांची बशी पुढे करत.

पुढे दादाची दृष्टी गेली. आधी मधोमध धूसर डाग, मग सगळेच धुके. हे बाहेर कळता कामा नये, हीच त्याची एकमेव धडपड होती. शब्दावरचा लोकांचा विश्वास गेला, की आपल्याजवळ काही उरत नाही, असे तो मला म्हणाला होता. दिवा तो पूर्वीसारखाच लावी, मान पूर्वीसारखीच कलती करी आणि पारख करी ती फक्त बोटांनी.

त्या रविवारी त्याचा जुना संग्राहक मित्र ब्रायन आला होता, मीही होते. वहिनींनी एक क्रिस आणून दादाच्या हातात ठेवली. कुणीतरी सकाळी ठेवून गेलंय, म्हणाल्या. दादाने मूठ चाचपली, पाते उपसले, नख टोकापर्यंत नेले... "बाजारी. नक्षी वरवर कोरलेली, तीही घासून गेलेली. टाकून दे."

"तुमच्या गुरुजींची आहे," वहिनी म्हणाल्या. "मूठ आणि म्यान तेवढं मी बदललं."

ब्रायनला मराठी येत नव्हते, पण दादाचा चेहरा त्याला वाचता आला. त्याने आपला कप हळूच खाली ठेवला.

"इतकी वर्षं इथे चहा देताना तुमचंच ऐकत आले," वहिनींचा स्वर एकदम सपाट होता. "खरी नक्षी धुऊन जात नाही. म्हणजे त्या दसऱ्यालाच तुम्हाला कळलं होतं."

"हो," दादा म्हणाला. बराच वेळ त्याचा अंगठा पात्यावरून फिरत राहिला. मग अत्यंत शांतपणे तो म्हणाला, "चूक कुणाची तरी असायला हवी होती. घरात तू होतीस."

त्याने क्षमा मागितली नाही, त्यांनीही ती अपेक्षिली नसावी. त्यानंतर त्याने एकाही पात्याला हात लावला नाही. तो अंथरुणाला खिळला आणि वहिनींनी त्याचे सारे केले. वेळेवर, नीट, एकही शब्द न बोलता. त्या घरातली इतकी स्वच्छ शांतता मला सुरीच्या धारेसारखी लागे.

गेल्या आठवड्यात मी त्यांना भेटायला गेले. दादा गेल्याचे ज्यांना कळलेले नाही असे लोक अजून येतात, आणि ज्यांना कळले आहे तेही येतात. गॅरेजमध्ये दिवा लावलेला होता. दादाच्या स्टुलावर वहिनी बसल्या होत्या, त्याच्याचसारखी मान कलती करून. समोर एक तरुण जोडपे अवघडून उभे होते. वहिनींनी त्यांचे रेशमी गाठोडे हातात घेतले, गाठही न सोडता मांडीवर क्षणभर तोलले आणि परत केले.

"खरी आहे," त्या म्हणाल्या. "सांभाळून ठेवा."

मुलीच्या डोळ्यांत पाणी तरळले. दोघे वाकून नमस्कार करून गेले. सगळ्यांना हेच सांगता का, असे मी विचारले.

"सगळ्यांना," वहिनी म्हणाल्या. "आणि सांगते, की ह्यांनीच शिकवलंय."