माझे गुण कापणाऱ्या मॅडम

प्रा. शैलजा मेहेंदळे यांची आणि माझी पहिली भेट महाविद्यालयाच्या प्रवेशखिडकीपाशी झाली. मी यवतमाळहून पुण्याला आलेला, वारज्याला मामेभावाच्या खोलीवर उतरलेला, जन्मापासून दृष्टी नसलेला मुलगा. संगणकशास्त्राला प्रवेश हवा म्हटल्यावर खिडकीतले गृहस्थ म्हणाले, "अहो, कॉम्प्युटरला दिसावं लागतं. आर्ट्सला घ्या की!" मागून शांत आवाज आला, "असं कॉम्प्युटरनं सांगितलं का तुम्हांला?" त्या विभागप्रमुख मेहेंदळे मॅडम होत्या. प्रवेश झाला. वर मला बजावलं, "दया वगैरे मागू नका हं. ती माझ्याकडे शिल्लक नसते." आमच्याकडच्या माणसाला पुणेरी बोलणं पचायला वेळ लागतो. मी खोलीवर जाऊन चांगलाच चरफडलो.

पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर असलं, की मी कॉम्प्युटर इतरांसारखाच चालवतो. अडचण यंत्राची नव्हती, माणसांची होती. फळ्यावर लिहिताना आमचे एक सर म्हणत, "हे इथून असं इकडे जातं." आता इथून म्हणजे कुठून आणि इकडे म्हणजे कुठे, डोंबल! मॅडम एकदा त्यांच्या तासाला मागच्या बाकावर डोळे मिटून बसल्या आणि शेवटी म्हणाल्या, "सर, कोण कुठे गेलं ते काही कळलं नाही बुवा." सर रागावले, पण पुढे फळ्यावरचा शब्दन् शब्द उच्चारू लागले. डोळस मुलंच म्हणायला लागली, आता कुठे कळतंय! हाताने लिहिलेल्या नोट्सचे फोटो वेबसाइटवर चढवून सगळे खूश होते. माझ्या सॉफ्टवेअरला ते फोटो म्हणजे कोरे कागद. मॅडमनी त्या साऱ्या नोट्स पुन्हा टाइप करवून घेतल्या, निम्म्या तर स्वतःच केल्या.

दया शिल्लक नसलेल्या या बाईंनी एका दिवाळीत, मी गावी जाऊ शकलो नाही म्हणून, मला घरी फराळाला बोलावलं. ताट पुढे ठेवून म्हणाल्या, "उजवीकडे चकली, समोर लाडू. चिवडा आमच्या ह्यांनी केलाय, तेव्हा जपून." मी पोटभर हसलो आणि पोटभर जेवलो.

माझा जीव मात्र एकाच गोष्टीत अडकला होता. शेवटच्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा मला लेखनिक न घेता, स्वतःच्या हातानं द्यायची होती. नाहीतर उद्या नोकरीच्या दारात कुणीही विचारणार, प्रोग्राम तुम्ही लिहिलात की लेखनिकानं? बाहेरून आलेले परीक्षक अडून बसले. "मशीन बोलतंय, उत्तरंच सांगत असेल." मॅडमनी माझा इअरफोन त्यांच्या हातात दिला. ती सुसाट बडबड ऐकून ते म्हणाले, "हे बोलतंय तरी काय?"

"तेच यांना कळतं, आपल्याला नाही. बसू द्या त्यांना."

मी बसलो. प्रोग्राम चालला, पण काहीच माहिती न भरता पुढे गेलं, की बंद पडायचा. परीक्षक हळूच म्हणाले, "जाऊ द्या हो मॅडम. या मुलानं एवढं केलं हेच खूप. पूर्ण गुण देऊन टाकू."

गुण मिळत होते आणि मिळवलेलं सगळं हातचं जात होतं.

मॅडमनी विचारलं, "याच चुकीला इतरांचे गुण कापलेत ना?"

"कापलेत की."

"मग यांचेही तेवढेच कापा. कमी नको, जास्त नको."

बाहेर येऊन मी घरी फोन लावला. "आई, माझे मार्क कापले!"

"मंग हासून काऊन राह्यला रे?" आईनं विचारलं. मी म्हटलं, "सगळ्यांचे कापले, तेवढेच!"

आज मी पुण्यातच एका कंपनीत प्रोग्राम लिहितो. माझ्या चुका माझ्या नावावर लागतात आणि मीच त्या दुरुस्त करतो. मॅडम, सवलत मला पुष्कळांनी दिली, त्यांचाही मी ऋणी आहे. पण मला विद्यार्थी मानलंत ते आपण. आज आपण साठ वर्षांच्या झालात. साठी बुद्धी नाठी म्हणतात, आपल्यापुरती ती म्हण खोटी ठरली आहे. आपणांस निरोगी, उदंड आयुष्य लाभो. माझ्यासारख्या अजून कितीतरी मुलांचे गुण आपल्याला कापायचे आहेत.