तीन ओळींचं पुण्य

हसणार नाही असं आधी कबूल करा, मग सांगते. जाऊ द्या, हसालच. पण निदान आमच्या पांढुर्ण्यात कुणाला सांगू नका. म्हणजे सांगून उपयोगच नाही, तिथे सगळ्यांना माहीत आहे.

झालं असं की तीन रात्री माझ्या डोळ्याला डोळा नव्हता, आणि त्याला कारण होती पाण्याची एक बाटली. माझी लेक ओवी, वय वर्षं पाच, शाळेत नेलेली बाटली संध्याकाळी जशीच्या तशी भरलेली परत आणत होती. एक घोट कमी नाही! पहिल्या दिवशी वाटलं, थंडी आहे. दुसऱ्या दिवशी वाटलं, घसा दुखत असेल. तिसऱ्या रात्री मी मोबाइलवर ‘मूल पाणी पीत नाही’ असं शोधलं आणि उजाडेपर्यंत पोरीच्या दोन्ही मूत्रपिंडांचा निकाल लावून मोकळी झाले.

ह्यांना फोन केला. ह्यांची नोकरी नागपूरला, घरी येणं शनिवारी. म्हणाले, “तहान लागली का पिईन ना ते. तू काऊन एवढं टेन्शन घेऊन राहिली?”

पाच तासांच्या अंतरावरून बोलावं तसं दोन तासांच्या अंतरावरून बोलतात!

शेवटी मी ओवीलाच समोर बसवलं.

“बेटा, बाटलीतलं पाणी का नाही पीत तू?”

“ते माहं नाही. झाडाचं हाय.”

“कोणत्या झाडाचं?”

“तहान लागली त्या.”

आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. गुन्हेगार मीच होते.

आदल्या रविवारी टीव्हीवर पर्यावरणावर एक खास कार्टून लागलं होतं, अख्ख्या एका तासाचं. एरवी मी रिमोट पिठाच्या डब्यामागे लपवणारी आई. पण झाडं जगवा, पाणी जपा असं काही म्हटल्यावर मीच तिला हाताला धरून बसवलं. निदान चांगलं काही कानावर पडेल!

आणि काय सुंदर होतं हो ते! एक राखाडी गाव. गावाबाहेर टेकडीवर एकच झाड, त्याला दोन गोल डोळे आणि सुकलेले ओठ. झाड झोपलं की त्याच्या स्वप्नात निळे मासे आभाळातून पोहत यायचे, ढगांसारखे संथ. जागं झालं की मासे गायब. शेवटी एक मुलगी येते, आपल्या बाटलीतला उरलेला घोट त्याच्या मुळाशी ओतते, आणि झाड असं फुलतं, असं फुलतं, की फुलं उडत गावभर. छपरांवर फुलं, म्हशींच्या पाठीवर फुलं! मग एक हळू आवाज विचारतो, ‘तुमच्याजवळचं झाड तहानलेलं तर नाही ना?’

ओवीच्या हातातली पोळी हातातच राहिली होती. आणि मी? मी ओढणीला डोळे पुसत होते. एम.ए., बी.एड.!

“मग शाळेतल्या कडुनिंबाला द्यायचं ना पाणी,” मी म्हटलं.

“विचारलं मी त्याले. तो म्हने, मले नको. आबाजीच्या झाडाईले दे.”

आबाजी म्हणजे माझे सासरे. मी त्यांना मामाजी म्हणते. नदीपलीकडे, सावरगावच्या अंगाला त्यांचा संत्र्याचा बगीचा आहे, आणि मामाजींचा जीव घरात कमी, तिथे जास्त. माझं माहेर सौंसर. आमच्याकडेही संत्रीच संत्री, पण माझे वडील बँकेत. संत्र्याशी माझी ओळख सोलण्यापासून पुढची. त्याच्या आधी त्याचं काय काय होतं, हे मी कधी विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही.

मामाजी तेव्हा बोरगावला, माझ्या नणंदेकडे गेले होते. निघताना मोटरघराची चावी माझ्या हातात ठेवून म्हणाले, “चावी राहू दे तुझ्यापाशी. बगीच्यात काही कराचं नाही.”

मला भरून आलं. सुनेला त्रास नको म्हणून माणूस किती जपतो!

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही मायलेकी बगीच्यात. डिसेंबर सरत आलेला. ऊन दुलईसारखं अंगावर. फाटकातून आत शिरलो आणि दोघी जागीच थांबलो. सगळ्या झाडांची पानं कडेने आत वळलेली, पिवळी पडलेली, अर्धी खाली गळलेली. जमिनीला भेगा. वारा आला की अख्खा बगीचा कोरड्या ओठांनी काहीतरी पुटपुटायचा. थेट टीव्हीतलं गाव! झाडांना डोळे तेवढे काढायचे राहिले होते.

“आई,” ओवी कुजबुजली, “हे मरून राहिले.”

आता सांगा, तुम्ही काय केलं असतं? मामाजी तिकडे लेकीच्या हातचं जेवून राहिलेत आणि इकडे त्यांचा जीव वाळून चाललाय! नळ्या तुंबल्या असतील, नाहीतर वयामुळे विसरले असतील, असं मी मनातल्या मनात त्यांना माफसुद्धा करून टाकलं.

ओवीशी करार केला. झाड पाणी पिईल, मग ती एक घोट पिईल. तिने मान डोलावली. मी मोटरघर उघडलं, बटण दाबलं, पहिल्या ओळीचा व्हॉल्व्ह फिरवला.

काय सांगू तुम्हाला ती दुपार! नळ्यांमधून आधी नुसता श्वास आला, मग थेंब. भेगांमध्ये पाणी उतरताना बारीक आवाज येत होता, झोपेत मूल गिळतं ना, तसा. मातीचा रंग हळूहळू गडद होत गेला. ओवी एकेका बुंध्याला कान लावायची, “पेलं यानं,” म्हणायची आणि बाटलीतला एक घोट घ्यायची. तिची सावली ओल्या मातीवर लांब होत चालली होती. मला खरंच वाटलं, आता वर पाहिलं तर निळे मासे दिसतील. सातव्या झाडाला बाटली रिकामी झाली! मी देवाला हात जोडले आणि दुसरी ओळ सुरू केली.

तिसरी ओळ सुरू केली तेव्हा बाजूच्या बगीच्यातले नामदेवकाका धुऱ्यावर, मधल्या बांधावर, येऊन उभे राहिले.

“सूनबाई, काय करून राहिल्या?”

“पाणी देऊन राहिले काका!”

“मालकानं सांगतलं का?”

“नाही ना! त्यांना सरप्राईज.”

काकांनी एकदा माझ्याकडे, एकदा ओल्या मातीकडे पाहिलं. मग खिशातून फोन काढत चालते झाले. मी ओवीला म्हटलं, “पाहा, काकांना किती कौतुक वाटलं.”

दहा मिनिटांत मामाजींचा फोन.

“बेटा, मोटर चालू हाय का?”

“हो मामाजी! काही काळजी करू नका. दोन ओळी झाल्या, तिसरी सुरू आहे.”

“बंद कर.”

“अहो, मला काहीच त्रास नाही!”

“बंद कर म्हन्तो ना!”

“चौथी ओळ फारच सुकली आहे मामाजी, तेवढी...”

“अवं बाप्पा, बंद कर ते!”

सहा वर्षांत पहिल्यांदा त्यांचा आवाज चढलेला ऐकला. मी मोटर बंद केली.

पुढच्या गाडीने मामाजी हजर. फाटकातून तडक तिसऱ्या ओळीत. खाली बसले, मूठभर माती उचलली, दाबली. तिचा लाडू झाला. तो त्यांनी हलकेच खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं नाही. ओवीला मांडीवर घेतलं.

“आबाजी, झाडाईले तहान लागली होती ना?”

“लागलीच होती. म्याच लावली होती.”

“काऊन?”

“महिनाभर पाणी तोडा लागते, बेटा. पानं गळते, झाडाले वाटते आता आपलं काही खरं नाही. मंग एक दिवस पाणी सोडाचं, का ते सारा जीव फुलात आनते. त्याले ताणावर सोडनं म्हन्ते. दहाच दिवस राह्यले होते.”

“आन् मधातच पाणी भेटलं तं?”

“तं ते कायले फुलीन? आरामात पानं काढते.”

जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. पण जमीन मीच भिजवून ठेवली होती, भेगाही बुजलेल्या!

तीन ओळी, साठ झाडं. त्यांचा अख्खा बहार माझ्या एका बटणावर गेला असेल का? मामाजींना विचारायची हिंमत नव्हती. ते म्हणाले फक्त, “पाहू.” बाकीच्या बगीच्याला त्यांनी ठरल्या दिवशी पाणी सोडलं. माझ्या ओळींना आणखी थांबवलं, परत सुकू दिलं. मी ओवीला शाळेतून आणलं की रोज बगीच्यात जाऊन फांद्या न्याहाळायची. नुसते हिरवे कोंब. मामाजी रागावत नव्हते, टोमणा मारत नव्हते, जेवताना वाढ म्हणायचे, वाढलं की पुरे म्हणायचे. हे तर रागावण्यापेक्षा कठीण!

आणि मग एके सकाळी बगीचा फुलला. नदीच्या पुलावरच वास आला. आत गेलो तर पांढरं धुकं फांद्यांवर येऊन बसलेलं, मधमाश्यांची एकसुरी गुणगुण, पायाखाली पाकळ्या. चालता चालता माणूस झोपेत आहे का जागा, कळू नये असं. त्या धुक्याच्या मधोमध माझ्या तीन ओळी. हिरव्यागार, तुकतुकीत, गुबगुबीत. फूल औषधाला नाही!

धुऱ्यावरून नामदेवकाका म्हणाले, “तब्येत मस्त हाय सूनबाई, तुमच्या झाडाईची!”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. साठही झाडांना एकेकदा हात लावून मी मनात माफी मागितली. शेवटच्या झाडाशी मामाजी उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, एक फांदी खाली ओढून दाखवली. पानांच्या आत पाच-सात कळ्या होत्या. “आली थोडीशीक,” एवढंच म्हणाले आणि पुढे गेले. मला वाटलं, केवढं मोठं मन या माणसाचं! असा सासरा कुणाला मिळतो?

ओवी खाली बसून पाकळ्या ओच्यात भरत होती. मी तिच्याजवळ बसले आणि हळूच विचारलं, “ओवी, आबाजी कधी रागावले का ग आईवर? मला तर एक शब्द बोलले नाहीत.”

“नाही,” ती मान वर न करता म्हणाली. “आबाजी म्हने, आईवर काय रागावाचं? येत्या साली पाणी तोडाच्या पह्यले तिले सौंसरले पोचवून देऊ.”